एकच चूर्ण, दोन पोटे



दशलक्षण पर्व संपले की आपल्या बायकांच्या बोलण्यात दोन विषय हमखास येतात. कुणाचे किती उपवास झाले हा पहिला, आणि पारण्यानंतर पोटाचे काय झाले हा दुसरा. दहा दिवस एकवेळ जेवून राहिलेल्या बऱ्याच जणींचे पोट पुढे चार दिवस साफ होत नाही. मग घराघरांतून सोनामुखीच्या चूर्णाची डबी निघते. एक म्हणते, "मला अर्ध्या चमच्यात गुण आला." दुसरी म्हणते, "मी दीड चमचा घेतला, काही झाले नाही." तिसरीला पाव चमच्यातच असा मुरडा येतो की ती पुन्हा डबीकडे बघत नाही. डबी एकाच दुकानातली, बॅच नंबरही एकच. मग खरे कुणाचे?

माझी सून फार्मसी कॉलेजात शिकवते. तिला मी हा प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "आई, तिघींचेही खरे आहे. चूर्ण एकच असले तरी औषध तिघींच्या पोटात वेगवेगळे तयार होते." हे 'तयार होते' मला नवीन होते. औषध कारखान्यात तयार होते आणि पोटात फक्त पोहोचते, असाच आपला समज असतो. त्यानंतर तिच्याकडून जे कळले आणि मी जे वाचले, ते आज तुमच्यासाठी लिहीत आहे. आपल्या घरात काढे, चूर्णे आणि जवसाची चटणी चालते, त्याच कपाटात बीपीची गोळीही असते. म्हणून हे आपल्याला ठाऊक असलेले बरे.

मी कॉमर्सची विद्यार्थिनी, त्यामुळे मला माझ्या पद्धतीने समजले. आपल्या इचलकरंजीत खर्चीवाला यंत्रमागधारक असतो. सूत व्यापाऱ्याचे, माग खर्चीवाल्याचा. तो मजुरीवर कापड विणून देतो. सूत कितीही चांगले असले तरी माग बंद असेल तर कापड निघत नाही, आणि दोन मागांवरचे कापड तंतोतंत सारखे येत नाही. वनस्पतीजन्य औषधांपैकी पुष्कळशी अशीच सुताच्या अवस्थेत पोटात जातात. त्यांचे कापड विणणारे खर्चीवाले म्हणजे आपल्या मोठ्या आतड्यातले जिवाणू, आणि त्यांचे माग म्हणजे त्यांची एन्झाइम्स, शाळेच्या पुस्तकात ज्यांना विकरे म्हणत. या जिवाणूंची संख्या शास्त्रज्ञांनी माणशी सुमारे ३८ लाख कोटी धरली आहे. आपल्या शरीरातल्या स्वतःच्या पेशीही जवळपास तेवढ्याच भरतात.

सोनामुखीचेच बघा. तिच्या पानांत आणि शेंगांत सेनोसाइड नावाची द्रव्ये असतात. वनस्पती आपली कित्येक द्रव्ये साखरेच्या रेणूला बांधून ठेवते, तशीच ही बांधलेली असतात. ती गाठ आपल्या जठरातल्या किंवा लहान आतड्यातल्या पाचक रसांना सोडवता येत नाही. त्यामुळे सेनोसाइड जसेच्या तसे मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जिवाणू एका एन्झाइमने साखर तोडून घेतात आणि दुसऱ्या एन्झाइमने उरलेल्या भागाचे रूप बदलतात. तेव्हा कुठे रीन अँथ्रोन हे खरे रेचक द्रव्य तयार होते. आतडे त्याने हलते आणि पाणी धरून ठेवते. हा सगळा प्रवास आणि मजुरी धरून ६ ते १२ तास लागतात. म्हणून 'रात्री घ्या, सकाळी पोट साफ' असे पाकिटावर लिहिलेले असते.

इथे आपल्या घरातली एक अडचण सांगते. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या आपण चूर्ण सूर्यास्तापूर्वी घेतो. सहा वाजता घेतले तर सहा ते बारा तास म्हणजे मध्यरात्र ते पहाट. "मला रात्री दोनलाच उठावे लागते, माझी प्रकृतीच नाजूक," असे म्हणणाऱ्या कितीतरी जणी आहेत. प्रकृतीपेक्षा तो घड्याळाचा हिशेब आहे. ज्यांची झोप आधीच कमी आहे किंवा ज्यांना अंधारात उठताना तोल जाण्याची भीती आहे, त्यांनी ही वेळ वैद्यांशी बोलून ठरवावी. आणि उपवास चालू असताना रेचक घेऊच नये. अंगातले पाणी आणि क्षार आधीच कमी झालेले असतात.

कोरफडीच्या पिवळ्या चिकापासून जो काळा बोळ करतात, त्याचेही असेच आहे. जपानी संशोधकांनी पोटात एकही जिवाणू नसलेले उंदीर प्रयोगशाळेत वाढवले आणि त्यांना बोळातले बार्बालॉइन दिले. काही परिणाम झाला नाही. मग त्याच जातीच्या उंदरांच्या पोटात एका विशिष्ट जातीचे जिवाणू वसवले आणि तेच द्रव्य दिले, तर जुलाब सुरू झाले. औषध तेच, मात्रा तीच. मधला कारागीर आला एवढाच फरक.

पोट साफ होण्यापुरते हे असते तर मी एवढे लिहिले नसते. आता ज्येष्ठमध घ्या. प्रवचनाला, भजनाला बसणाऱ्या आपल्या किती जणींच्या पर्समध्ये त्याची काडी असते! घशाला बरे वाटते. त्यातला गोडवा ग्लिसिऱ्हायझिन या द्रव्याचा, साखरेपेक्षा तीस ते पन्नास पट गोड. आतड्यातले जिवाणू त्याचेही तुकडे करतात आणि जो भाग सुटतो तो रक्तात जातो. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला आवर घालणारे आपले स्वतःचे एक एन्झाइम आहे, ते या भागामुळे अडते. परिणाम असा की अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते आणि रक्तदाब चढतो. युरोपातल्या तज्ज्ञ समितीने सर्वसाधारण माणसासाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ग्लिसिऱ्हायझिन ही वरची मर्यादा सुचवली आहे. ज्यांना बद्धकोष्ठ आहे त्यांच्या आतड्यात हे द्रव्य जास्त वेळ राहते, म्हणून त्यांना त्रास लवकर होऊ शकतो. साठीनंतर बीपी आणि बद्धकोष्ठ दोन्ही असलेल्या बायका आपल्यात कमी नाहीत. खोकल्यापुरती दोन दिवस काडी चघळणे वेगळे, आणि 'नैसर्गिकच आहे' म्हणून रोज चहात ज्येष्ठमधाची पूड घालणे वेगळे.

सगळेच काही भीतीचे नाही. जवसातली लिग्नान नावाची द्रव्येही जिवाणूंकडूनच एंटेरोलॅक्टोन या उपयोगी रूपात येतात. फिनलंडमधल्या एका अभ्यासात अँटिबायोटिक घेतलेल्यांच्या रक्तात हे एंटेरोलॅक्टोन कमी आढळले. कोर्स होऊन वर्ष उलटलेल्यांतही तो फरक दिसत होता. म्हणजे चटणी ताटात रोज असली तरी विणणारा माग बराच काळ मंद चालतो. (जवस मात्र भाजून कुटूनच खावेत. अख्खे दाणे जसेच्या तसे निघून जातात.)

पाळी जाण्याच्या वयात अंगातून गरम वाफा येतात, तेव्हा सोयाच्या गोळ्यांची जाहिरात हमखास फोनवर येते. सोयातल्या डेडझिन या द्रव्यापासून काहींच्या पोटातले जिवाणू एक्वॉल तयार करतात. ते शरीरात इस्ट्रोजेनसारखे सौम्य काम करते. हे सगळ्यांना जमत नाही. पाश्चात्त्य देशांत साधारण २५ ते ३० टक्के लोकांच्या पोटात एक्वॉल तयार होते, जपान-कोरियाकडे ५० ते ६० टक्क्यांच्या. आता जाहिरातीतली बाई म्हणते "मला महिन्यात फरक पडला," ती खोटे बोलत असेलच असे नाही. तिच्या पोटात ते कारागीर असतील. तुमच्या पोटात असतील का, हे तिच्या अनुभवावरून कळणार नाही.

आपल्याला लहानपणापासून स्याद्वाद शिकवला जातो. एखादी गोष्ट 'आहे' म्हणताना कोणत्या अपेक्षेने आहे, हे सोबत सांगायचे. पाठशाळेत हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट ऐकून आपण मान डोलावतो, पण औषधाची गोष्ट निघाली की अनेकान्त विसरून "हे घेच, शंभर टक्के गुण" असे सांगून मोकळ्या होतो. 'हे औषध लागू पडते' या वाक्यालाही अपेक्षा जोडावी लागते. कुणाला, कोणत्या आहारावर, सोबत कोणत्या गोळ्या चालू असताना, आणि अँटिबायोटिकचा कोर्स होऊन किती दिवस झाले असताना.

इथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आपण कांदा-लसूण खात नाही, आणि ते तर जिवाणूंचे आवडते खाणे म्हणतात, मग आपले नुकसान होते का? जिवाणूंना लागतो तो न पचणारा तंतुमय भाग, आणि तो फक्त कांद्या-लसणातच असतो असे नाही. मूग, मटकी, हरभरा, ज्वारीची भाकरी, गहू, केळे, जवस या सगळ्यांत तो वेगवेगळ्या प्रकारे असतो. ताटात कडधान्यांची आलटून-पालटून विविधता ठेवली की त्यांची सोय होते. मैदा, साखर आणि फरसाण यांवर राहणाऱ्या घरात मात्र कांदा खाल्ला काय आणि सोडला काय, जिवाणूंच्या वाट्याला थोडेच येणार.

आता ज्या प्रसंगामुळे मला हे लिहावेसे वाटले तो सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या जावेला मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेनंतर केमो सुरू झाली, त्यात इरिनोटेकान नावाचे औषध होते. दुसऱ्या वेळेनंतर तिला इतके जुलाब झाले की पाणीही टिकेना. त्या आठवड्यात नात्यातल्या एकांनी गावाकडून काढ्याची बाटली आणि पुड्या पाठवल्या. पुड्यांत काय आहे हे कुणालाच सांगता येईना. जाऊबाई पलंगावरून मला म्हणाली, "अक्का, हे केमिकल आता बास. तुम्हीच सांगा यांना. मला झाडपाल्याचे द्या, ते तरी पोटाला बाधणार नाही."

आजारी माणसाशी वाद कसा घालायचा? माझी सून तिच्या पायथ्याशी बसली आणि म्हणाली, "काकू, ही सलाइनही झाडातूनच आलीय." मग तिने सांगितले. चीनमध्ये कॅम्प्टोथेका नावाचे झाड आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोन शास्त्रज्ञांनी त्या झाडातून कॅम्प्टोथेसिन वेगळे काढले आणि १९६६ साली ते जगापुढे मांडले. त्यात थोडा बदल करून पुढे इरिनोटेकान तयार झाले. हे मनसुख वाणी १९२५ साली आपल्या नंदुरबारात जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले. टॅक्सॉल हे कर्करोगावरचे दुसरे मोठे औषधही याच जोडीने एका वृक्षाच्या सालीतून शोधले. "नंदुरबारचे वाणी?" जाऊबाईने विचारले. बऱ्याच दिवसांनी तिच्या आवाजात उत्सुकता होती. सून म्हणाली, "हो. आणि आपल्या सह्याद्रीत नरक्या नावाचे झाड आहे, त्यातही हेच द्रव्य असते. त्यापायी ते इतके तोडले गेले की आता ते जपावे लागते."

मग जुलाबाचे कारण. इरिनोटेकानचे शरीरात जे जहाल रूप होते, त्याला आपले यकृत एक साखरेसारखा रेणू जोडून निरुपद्रवी करते आणि पित्तावाटे आतड्यात सोडते. म्हणजे माल पॅक करून बाहेर काढला. पण आतड्यातल्या काही जिवाणूंकडे बीटा-ग्लुक्युरोनिडेज नावाचे एन्झाइम असते. ते खाण्यासाठी तो जोडलेला रेणू तोडून घेतात. बांधलेले विष तिथेच मोकळे होते आणि आतड्याचे अस्तर पोळते. ज्येष्ठमधाचे तुकडे करणारे एन्झाइमही याच घराण्यातले. नॉर्थ कॅरोलायनातल्याच शास्त्रज्ञांनी २०१० साली उंदरांवर दाखवले की या एन्झाइमला अडवणारा पदार्थ दिला तर जुलाबाचा त्रास घटतो.

"मग या पुड्या घेतल्या तर?" जाऊबाईने विचारले. सून म्हणाली, "त्यात सोनामुखी असेल तर जुलाब वाढतील. आणखी काय आहे ते माहीत नाही, म्हणून मी सांगू शकत नाही. डॉक्टरांना विचारू." दीर बाटली आणि पुड्या पिशवीत घालून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी पुड्या पाहिल्या, केमो संपेपर्यंत बाहेरचे काहीही नको असे सांगितले, जुलाब थांबवण्याच्या गोळ्यांचे वेळापत्रक लिहून दिले आणि पुढच्या वेळी मात्रा थोडी कमी केली. तिने सगळे कोर्स पुरे केले. यंदाच्या महावीर जयंतीच्या मिरवणुकीत ती माझ्या शेजारून चालली.

त्या दिवशी ती उपचार सोडायच्या बेतात होती, आणि सोडण्याचे कारण होते 'नैसर्गिक' आणि 'केमिकल' हे दोन शब्द. पोटातल्या जिवाणूंना हे शब्द कळत नाहीत. त्यांना रेणूची गाठ दिसते, ती सोडवता आली तर ते सोडवतात.

आपल्या वडीलधाऱ्यांसाठी आणखी एक सांगायलाच हवे. हृदयाचे ठोके अनियमित असणाऱ्या किंवा हृदय अशक्त झालेल्या काहींना डिगॉक्सिनची बारीकशी गोळी असते. हेही झाडपाल्याचेच. १७८५ साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांनी फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाच्या पानांवर पुस्तक लिहिले. त्याच्याच भावंड वनस्पतीतून डिगॉक्सिन मिळते. साधारण दहातल्या एका माणसाच्या आतड्यात एगरथेला लेंटा या जिवाणूमुळे या औषधाचा बराच भाग निकामी होतो. डॉक्टर त्या माणसाचा डोस त्या हिशेबाने बसवतात. मग कशासाठी तरी अँटिबायोटिकचा कोर्स होतो, तो जिवाणू दबतो आणि तोच डोस अचानक जड होतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९८१ सालीच हे नोंदवले होते. डिगॉक्सिनमध्ये गुण येण्याची मात्रा आणि अपाय होण्याची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. त्यातून ज्येष्ठमध किंवा सोनामुखी रोज चालू असेल तर पोटॅशियम घटते, आणि पोटॅशियम घटले की डिगॉक्सिनचा अपाय आणखी लवकर होतो. मळमळ, भूक जाणे, दृष्टीला पिवळसर दिसणे, ठोके मंदावणे ही त्याची लक्षणे. सासूबाईंना ही गोळी असेल तर खोकल्याचा काढा देण्यापूर्वी डॉक्टरांना एक फोन करा.

आता थोडे धर्माचे. मी पंडित नाही, पण एका मैत्रिणीने विचारले होते की अँटिबायोटिकने पोटातले इतके जीव मरतात, मग ते घ्यावे का? गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग सांगितला आहे. न्यूमोनिया झाला असताना डॉक्टरांनी दिलेले औषध न घेणे हा त्याचा अर्थ नाही, असे मला वाटते. पण साध्या सर्दीला, जी विषाणूमुळे होते आणि जिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही, आपण दुकानातून स्ट्रिप आणून तीन गोळ्या घेतो, तेव्हा मात्र विचार करावा. आजार बरा होत नाही आणि आपल्याच पोटात राहून आपले काम करणारे अगणित जीव विनाकारण जातात. पाणी गाळून घेणाऱ्या घरात गोळीही तेवढ्याच विवेकाने घेतली जावी. तत्त्वार्थसूत्रातले परस्पर उपकाराचे सूत्र आपल्याला तोंडपाठ आहे. मी ते म्हणताना हल्ली या खर्चीवाल्यांचीही आठवण ठेवते.

आमच्या घरी औषधांच्या डब्याच्या झाकणात एक कागद चिकटवला आहे. घरातला प्रत्येक जण कोणत्या गोळ्या घेतो, कोणते चूर्ण किंवा काढा किती दिवसांपासून चालू आहे, शेवटचे अँटिबायोटिक कधी झाले आणि पुढचा मोठा उपवास कधी आहे, एवढे चार रकाने. डॉक्टरांकडे किंवा वैद्यांकडे जाताना त्याचा फोटो काढून नेते. वैद्यांना गोळ्यांची माहिती नसते आणि डॉक्टरांना चूर्णाची, कारण आपण दोघांनाही अर्धेच सांगतो. आता चातुर्मास जवळ आला आहे, उपवासांचे नियम घेण्याआधी हा कागद भरून ठेवा. आणि शेजारणीने डबी पुढे केली तर तिला चार रकान्यांतले विचारा. ती रागावणार नाही, तिच्याही घरी तो कागद लागेल.

जय जिनेंद्र.